खाडाखोड

बँकेतल्या माणसाची एक अडचण असते. तो खरं बोलला तरी लोकांना ते खोटं वाटतं. 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य मी गेली वीस वर्षं गीतेवर हात ठेवून सांगावं इतक्या प्रामाणिकपणे उच्चारत आलो आहे. पण काउंटरपलीकडच्या एकाही इसमाने त्यावर आजवर विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळे या २६ जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेत मी एकच शब्द बोललो आणि तो हॉलमधल्या झाडून सगळ्यांना ताबडतोब पटला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तो शब्द म्हणजे 'हो'.

झालं असं, की प्रसादाच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर मी काढलेला एक फोटो लावला होता. काळ्याभोर आकाशात तिरकी पडलेली एक तेजस्वी तबकडी. मधे पिवळसर उजेड, कडेला निळसर झाक, तबकडीत काळ्या रेघांची नक्षी. खाली भाच्याने सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'देवयानी दीर्घिका. आपल्या गच्चीवरून.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ''अहो, आपल्या गच्चीवरून हे खरंच असं दिसतं?''

आणि मी म्हटलं, ''हो.''

काकू गेल्या. शिरा संपला. आरती झाली. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो 'हो' माझ्या छातीवर येऊन बसला. कारण आमच्या गच्चीवरून हे असं दिसत नाही. आमच्या गच्चीवरून काहीच दिसत नाही.

आता हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, कॉलेजसाठी आमच्याकडे नेरूळला राहतो. त्याला आकाशाचा नाद आहे. खगोल मंडळाने वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले, तशा एका कार्यक्रमाला तो मला घेऊन गेला. संध्याकाळच्या लोकलने जायचं, रात्रभर सतरंजीवर पडून मान मोडून घ्यायची आणि पहाटेच्या लोकलने परत. मी गेलो तो केवळ त्या दिवशी घरी सौ.च्या माहेरचे येणार होते म्हणून. मध्यरात्र टळता टळता त्याने माझ्या डोळ्यांना दुर्बीण लावली आणि म्हणाला, ''मामा, ती बघ देवयानी.''

आकाशाच्या त्या भागात आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी एक अख्खं कुटुंब वसवलं आहे. देवयानी, शर्मिष्ठा, दोघींचा सामाईक नवरा ययाती, आणि शर्मिष्ठेचे वडील वृषपर्वा, सगळे एका वाडीत राहिल्यासारखे शेजारीशेजारी. देवयानीचे वडील शुक्राचार्य तेवढे ग्रह झाल्यामुळे कायम दौऱ्यावर. त्या देवयानीच्या कमरेजवळ मी मोठ्या आशेने पाहिलं, तर पुसलेल्या फळ्यावर खडूचा डाग राहावा तसं काहीतरी करडं दिसलं. मी सरळ बघितलं की तेही नाहीसं व्हायचं.

''सरळ नको बघूस, तिरकं बघ. अंधारात डोळ्याच्या कडेला जास्त दिसतं,'' भाचा म्हणाला. आयुष्यात तिरक्या नजरेने बघण्याला कुणीतरी प्रोत्साहन दिल्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.

तो डाग २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. 'लाख कोटी' हा आकडा आम्ही बँकवाले एरवी फक्त थकीत कर्जांच्या बातम्यांत वाचतो. पण अंतराने मी तितका हललो नाही, जितका तारखेने हललो. हा उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या जातीचा माणूसच नव्हता. आफ्रिकेत कुणी दोन पायांचं जनावर दगडावर दगड आपटून धार काढत होतं. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. एका दिवसाने मुदत उलटलेला चेक मी स्वतः किती म्हाताऱ्यांना परत केला असेन! आणि इथे २५ लाख वर्षांपूर्वीचा चेक विनातक्रार माझ्या डोळ्यात वटला होता.

त्या पहाटेच्या लोकलमध्येच मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. सेकंडहँड कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स, आणि पृथ्वी जितकी फिरते तितकं कॅमेऱ्याला उलट फिरवणारं एक छोटं यंत्र. किमतीबद्दल मी सौ.ला जे सांगितलं तेही या लेखाच्या विषयातच बसतं, पण ते सोडून देऊ.

हे यंत्र ध्रुवताऱ्याच्या रोखाने लावावं लागतं. ध्रुव आमच्या नवी मुंबईत क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं हे खरं, पण आमच्या उत्तरेच्या टॉवरला त्याहून जास्त एफएसआय मिळाला. शेवटी गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, दोन इमारतींच्या फटीतून ध्रुव दिसला. मग रात्र. चंद्र नको म्हणून अमावास्या हवी. पावसाळ्यानंतरची पहिली चांगली अमावास्या कोणती? तर लक्ष्मीपूजनाची! त्या रात्री गच्चीवर आम्ही होतो, सोसायटीतली पंचवीस पोरं होती, आणि अग्निबाण होते. देवयानीच्या दिशेने मानवाने त्या रात्री जितकी याने पाठवली तितकी एकट्या नेरूळमधून कधी गेली नसतील. म्हणून कार्तिकी अमावास्या. रात्री साडेनऊच्या सुमाराला देवयानी उत्तरेकडे चांगली उंच येते.

तीस सेकंदांचा एक फोटो, असे २४० फोटो. म्हणजे दोन तासांचा उजेड. मग लेन्सला टोपण घालून काळ्याकुट्ट अंधाराचे काही फोटो, कारण कॅमेरा गरम होऊन स्वतःच्याच मनाचे ठिपके काढतो, ते पुढे वजा करायचे असतात. मग लेन्सवर पांढरं कापड ताणून एकसारख्या उजेडाचे फोटो, म्हणजे लेन्सचा कडेचा अंधार आणि धूळ कळते. पांढरं कापड म्हणून माझा बनियन वापरला. तेवढ्यात सौ. स्वेटर घेऊन वर आली. अमावास्येच्या रात्री, थंडीत, नवरा उघडाबंब उभा आणि कॅमेऱ्याने बनियन घातलेला. ती काही बोलली नाही. स्वेटर कठड्यावर ठेवून खाली गेली.

आता खरी गोष्ट. त्या २४० पैकी कुठलाही एक फोटो उघडून बघा : नारिंगी-करडा चौकोन. पाम बीच रोडचे दिवे, वाशीचा उजेड, खाडीपलीकडची मुंबई, आमच्याच सोसायटीचा गेटवरचा हॅलोजन. (आता तर पंचक्रोशीत विमानतळही झाला आहे.) कॅमेऱ्यात जमा झालेल्या शंभर रुपयांत देवयानीच्या कडेच्या भागाची निव्वळ चिल्लर. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर मी दोन तास नेरूळचा फोटो काढत होतो, आणि त्यात देवयानी अनवधानाने आली.

पुढचं काम मात्र माझ्या जिव्हाळ्याचं निघालं. भाच्याने लॅपटॉपवर ते २४० फोटो एकमेकांवर बरोबर ताऱ्यावर तारा बसवून रचले आणि मी ओरडलोच, ''अरे, हे तर डे-बुक आहे!'' प्रत्येक फोटोत खऱ्या उजेडाची नोंद त्याच जागी येते, आणि खोटे ठिपके वाटेल तिथे येतात. बेरीज करत गेलं की खरं साठत जातं आणि खोटं आपापसात जिरतं. १४३ नंबरच्या फोटोत मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाची लाल-पांढरी रेघ होती. बाकीच्या २३९ फोटोंनी त्या जागी तसलं काही नोंदवलेलं नव्हतं, म्हणून ती रेघ बाद झाली. शेवटी नेरूळचा उजेड एकगठ्ठा वजा केला आणि जे उरलं ते ताणून ताणून मोठं केलं. रात्री दीडला पडद्यावर तबकडी उमटली. काळ्या रेघांसकट, शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांसकट. बारा वर्षांपूर्वी साडेचार रुपयांचा फरक तीन रात्री शोधून सापडला होता, त्यानंतर मला इतका आनंद झाला नव्हता.

मग त्या 'हो'मध्ये खोटं काय होतं?

सकाळी मी भाच्याला विचारलं, ''समजा, आपण यान घेऊन तिच्या अगदी जवळ गेलो, तर ती अशी दिसेल?''

''नाही,'' तो चहा ओतून घेत म्हणाला. ''जवळ गेलास तर मोठी दिसेल, पण उजळ नाही दिसणार. जितका उजेड वाढेल तितकी ती आकाशात पसरेल. करडीच राहील. आपण आपल्या आकाशगंगेच्या आतच राहतो ना, कितीशी उजळ दिसते?''

नेरूळहून ती दिसतच नाही, हे त्याने सौजन्याने गाळलं.

म्हणजे बघा. जो फोटो फळ्यावर लावलाय, ते दृश्य या विश्वात कुठेही, कधीही, कुणाच्याही डोळ्याला दिसणारं नाही. मग त्याला खोटं म्हणायचं? पण मग आमच्या बँकेचा ताळेबंद तरी कुणी डोळ्यांनी पाहिलाय? तिजोरीत डोकावलं तर नोटा दिसतात, ताळेबंद दिसत नाही. तो हजारो व्हाउचरांची बेरीज-वजाबाकी करून कागदावर उभा करावा लागतो, आणि तरी तोच खरा मानतात. कॉमर्सवाल्याला हा युक्तिवाद फार आवडला. मी दिवसभर काउंटरवर स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी घरी आलो. चपला काढताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. भिंतीवर बाबा. काळा कोट, पट्ट्यापट्ट्यांचा टाय. आणि माझा युक्तिवाद चपलांजवळच गळून पडला.

बाबा शाळामास्तर होते. २००४ साली गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो शाळेच्या स्टाफचा ग्रुप फोटो, उन्हात काढलेला. त्यात बाबा मागच्या रांगेत, बाह्या वर सारलेला सदरा, उन्हाने किलकिले डोळे, आणि अर्धा खांदा पीटीच्या सरांमागे. आम्ही तो एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने पीटीच्या सरांना काढलं, डोळे उघडले, कपाळावरच्या आठ्या पुसल्या, आणि खांदा कुठून आणायचा म्हणून सरळ कोट-टाय चढवला. वर म्हणाला, ''कोटाचे वेगळे पैसे नाहीत.'' तेव्हापासून आमचे मास्तर बाबा भिंतीवर एखाद्या बँकेच्या झोनल मॅनेजरसारखे बसले आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी तर मला घरातसुद्धा साहेबांसमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं. आई रोज त्या फोटोला हळदकुंकू वाहते.

हाही प्रकाशाचाच फोटो, हीही खाडाखोडच. मग माझी देवयानी खरी आणि हा कोट खोटा, हे कशावरून?

अशा वेळी माणूस इतिहासाकडे वळतो. भाच्याच्या पुस्तकांत मला दोन फोटो सापडले. पहिला १८८८ च्या डिसेंबरातला. इंग्लंडात आयझॅक रॉबर्ट्स नावाचे इमारती बांधणारे एक गृहस्थ होते, हौशी, म्हणजे आमच्याच जातीचे. फक्त त्यांची दुर्बीण २० इंची आणि माझा खिसा दोन इंची. (डब्लिनच्या त्याच ग्रब यांनी घडवलेली तेवढीच २० इंची दुर्बीण त्याच सुमारास आपल्या पुण्यातही आली होती. सायन्स कॉलेजातले प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली, आणि १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर दुर्बीण कोडाईकनालला गेली. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की टेबल हलवतात, तसं.) त्याआधी नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी, ९६४ साली, अल-सूफी या इराणी ज्योतिषाने देवयानीला 'लहानसा ढग' म्हणून नोंदलं होतं. रॉबर्ट्सच्या काचेवर त्या ढगाचे वळसे पहिल्यांदा उमटले. आणि रॉबर्ट्सना वाटलं, नवी सूर्यमाला जन्माला येते आहे! फोटो शंभर टक्के खरा, खालची ओळ साफ चुकीची.

दुसरी काच एडविन हबलची, १९२३ च्या ऑक्टोबरातली, माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवरची. देवयानीतल्या एका ठिपक्याशेजारी हबलने शाईने 'एन' लिहिलं, म्हणजे 'नोव्हा', अचानक भडकलेला तारा. मग जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर कळलं, की हा ठराविक तालात कमी-जास्त होणारा तारा आहे, ज्यावरून अंतर काढता येतं. त्याने तो 'एन' खोडला आणि वर लिहिलं 'व्हीएआर' आणि पुढे उद्गारचिन्ह. त्या एका खाडाखोडीने ठरलं, की देवयानी आपल्या आकाशगंगेतला ढग नव्हे, बाहेरची दुसरी दीर्घिकाच आहे.

मी ती काच छापील चित्रात भिंग लावून पाहिली. खोडलेला 'एन' अजून स्वच्छ वाचता येतो! आणि मला माझ्या पहिल्या शाखेतले जुने अकाउंटंट आठवले. मी बँकेत लागलो तेव्हा लेजरं शेवटच्या घटका मोजत होती. पहिल्याच आठवड्यात चुकलेला आकडा मी व्हाइटनरने झाकला. ते चिडले नाहीत. त्यांनी नखाने तो पांढरा पापुद्रा हळूहळू खरवडला, खालचा आकडा वाचता येईपर्यंत. म्हणाले, ''बाळ, चूक झाली तर एक आडवी रेघ. आधीचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. झाकलंस की मग ती चूक राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं.''

बस्स. मला वाटलं, मिळालं उत्तर. माझे २४० नारिंगी चौकोन जिवंत आहेत. कुणीही यावं, बेरीज तपासावी. आणि मी जे वजा केलं ते नोंदून वजा केलं. जे आलंच नव्हतं ते घातलं नाही. कोट मात्र आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटोंतला एक छापून आणला आणि फळ्यावर तबकडीच्या शेजारी लावला. खाली लिहिलं : 'गच्चीवरून एका फोटोत एवढंच येतं. शेजारचा फोटो २४० फोटोंची बेरीज, वजा नेरूळ.' आणि सही केली. काकू भाजी घेऊन येत होत्या. थांबल्या. नारिंगी चौकोनाकडे बघत म्हणाल्या, ''यात तर काहीच नाही.''

''आहे. मधोमध बघा. जरा तिरकं.''

त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, मान वाकडी केली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ''पुसट काहीतरी आहे खरं.'' आणि मग, जरा रागानेच, ''मग त्या दिवशी हो का म्हणालात?''

मी म्हटलं, ''चुकलो.'' हा शब्द काउंटरवर वापरायची आम्हांला मनाई असल्यामुळे मला थोडा जडच गेला.

तेवढ्या उत्साहात मी घरी आलो. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. म्हटलं, ''आई, तो शाळेचा ग्रुप फोटो कुठे आहे? आपण तो बाबांच्या फोटोशेजारी लावू या. सदऱ्यातला. हा कोट त्यांनी जन्मात कधी घातला नव्हता.''

''कपाटात आहे, माझ्या साड्यांखाली,'' आई म्हणाली. वर बघितलं नाही. दोन खडे बाजूला टाकले. ''शिवायचा होता त्यांना.''

''काय?''

''कोट. ताईच्या लग्नात घालायला. कापडसुद्धा आणलं होतं, दादरहून. मग शिलाईचे पैसे तुझ्या क्लासला गेले. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होतास.''

''मग कापड?''

''त्याच्या तुझ्या दोन पँटी झाल्या. घालत नव्हतास का कॉलेजात, वर्षभर? एकीला तर सायकलच्या चेनचं ऑइल लावून आणलं होतंस.''

मला ती पँट आठवली. ते ऑइल पण आठवलं. बाबांनी तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं, हेही आठवलं.

आईने ताट बाजूला सारलं, चष्मा वर केला आणि भिंतीकडे पाहिलं. ''लाव की ग्रुप फोटो, पण हा काढू नकोस. फक्त रंग तेवढा चुकला त्या स्टुडिओवाल्याचा. कापड करडं होतं.''

भाचा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. मी नियम सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने मान वर केली.

''आजी,'' तो म्हणाला, ''करडं म्हणजे किती करडं?''